शेवटच्या सीटपर्यंत

(मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीनंतरच्या कार्यक्रमात, शाळेच्या बसवर काम करणाऱ्या आपल्या तीन सभासदांच्या वतीने केलेले भाषण. स्मरणिकेसाठी बोलल्याप्रमाणेच लिहून काढले आहे.)

आम्हाला माइकची सवय नाही. आमची सवय हॉर्नची, आणि तोही आम्ही जपून वाजवतो. या व्यासपीठावर आजवर पुण्याचे प्राध्यापक आले, मुंबईचे कीर्तनकार आले, ग्वाल्हेरचे गवई आले. आम्ही मात्र दरवर्षी या मांडवात खुर्च्या लावायला, ट्रकमधून मूर्ती उतरवायला आणि विसर्जनाला गाडी चालवायला असतो. यंदा सचिव म्हणाले, "तुम्ही तिघे शाळेच्या बसवर आहात. आमची नातवंडं रोज तुमच्या हवाली असतात, आणि तुमचं काम काय असतं ते आम्हाला ठाऊकच नाही. अर्धा तास बोला." आम्ही तिघांनी बसून काय बोलायचे ते ठरवले. बोलणारे तोंड एक असले तरी बोलणे तिघांचे आहे. म्हणून आम्ही 'आम्ही'च म्हणणार.

आधी आम्ही कोण ते सांगतो. इथल्या बऱ्याच घरांची कहाणी होळकरांच्या काळापासून सुरू होते. कोणाचे पणजोबा दफ्तरात होते, कोणाचे फौजेत, कोणाचे शाळेत. आमच्यातल्या दोघांचे वडील कापड मिलमध्ये होते. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघायच्या तेव्हा आम्ही त्यांच्या खांद्यावर बसून रात्रभर जागायचो. पुढे मिली बंद पडत गेल्या. भोंगा थांबला. आम्ही तेव्हा शाळा-कॉलेजच्या वयाचे होतो, आणि घरात पगार येणे थांबले होते. कोणी टेम्पोवर क्लीनर म्हणून लागला, कोणी ट्रकवर. मालकाचे बोलणे खात, रात्री ढाब्यावर गाडीखाली झोपत आम्ही स्टिअरिंग शिकलो. तिथून हळूहळू बस, आणि बसमधून शाळेची बस. तिघांची मिळून शाळेच्या बसवरची वर्षे मोजली तर पन्नासच्या वर जातात.

आता रोजचे काम.

आमचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू होतो. त्या वेळी इंदूरमध्ये जागे कोण असते? रस्ते झाडणारे सफाई कामगार, दूधवाले, पोह्याची कढई चढवणारे, आणि आम्ही. आपले शहर स्वच्छतेत पहिले आले की आपण सगळे पाठ थोपटून घेतो, पण ते पहिले येणे पहाटे कोणाच्या हातून घडते ते आम्ही रोज डोळ्यांनी पाहतो. त्यांचा आणि आमचा रामराम ठरलेला.

गाडीपाशी गेल्यावर लगेच चावी फिरवायची नाही. आधी गाडीभोवती एक फेरी. खाली डिझेल, ऑइल, पाणी गळलेले दिसते का ते पाहायचे. चाकांवर लोखंडी टॉमी मारून आवाज ऐकायचा. हवा भरलेल्या चाकाचा आवाज वेगळा, बसलेल्या चाकाचा वेगळा. मागे जोडीची चाके असतात, त्यातले आतले पंक्चर असले तर नुसत्या नजरेला कळत नाही, टॉमीला कळते. मग रेडिएटरचे पाणी, इंजिन ऑइल, नव्या गाड्यांना लागणारा युरिया. हवेच्या टाकीत रात्रभर साठलेले पाणी काढून टाकायचे. आमच्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन सुरू करून हवेचा काटा पुरता वर येईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, मग कितीही उशीर झालेला असो. नंतर दिवे, वायपर, इंडिकेटर, संकटकाळी उघडायचे दार, अग्निशामक, औषधांची पेटी. हे सगळे वीस-पंचवीस मिनिटांचे काम. पाहणारे कोणीच नसते. पाहणारे नसते म्हणूनच ते चुकवण्याचा मोह होतो, आणि म्हणूनच आम्ही ते पूजेसारखे ठरवून टाकले आहे. नारळ वाढवून गाडीची पूजा दसऱ्याला वर्षातून एकदा होते. ही दुसरी रोज होते.

बसवरच्या ताई साडेपाचला येतात. मुले त्यांना दीदी म्हणतात. त्यांच्याबद्दल आधीच सांगून टाकतो, कारण सगळे ड्रायव्हरचे नाव घेतात आणि त्यांना विसरतात. मुलांना हात धरून चढवणे, उतरवणे, यादीवर खूण करणे, कोणाला ओकारी आली तर ती पुसणे, खिडकीतून बाहेर आलेला हात आत घेणे, हे सगळे त्या करतात. आमची नजर पुढच्या काचेवर असते. आमचे मागचे डोळे म्हणजे त्या ताई.

पहिला स्टॉप सुदामानगर, सहा दहा. मग अन्नपूर्णा, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, आणि तिथून बायपासकडे. म्हणजे अर्धा रस्ता आपल्याच लोकांच्या दारांवरून जातो. कोणत्या घरात दिवा कधी लागतो, कोणत्या मुलाची मोज्यांची जोडी रोज हरवते, कोणाचे आजोबा हातात पाण्याची बाटली घेऊन गाडीच्या पाच मिनिटे आधी उभे असतात आणि कोणाची आई गाडी दिसल्यावर वेणी घालायला घेते, ते आम्हाला पाठ आहे. आम्ही नावे घेणार नाही. पण तिसऱ्या रांगेत काही जण हसताहेत ते आम्हाला दिसते आहे.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट ती आहे आणि नाहीही. एका स्टॉपवर दोन मिनिटे उशीर झाला तर बारा स्टॉपांवर मिळून चोवीस मिनिटे होतात. शाळेचे फाटक ठरलेल्या वेळी बंद होते. मग ती चोवीस मिनिटे कुठून भरून काढायची? रस्त्यावरूनच. आमच्या गाडीचा गव्हर्नर ४० ला बसवलेला आहे, त्यामुळे वेगाने पळवता येत नाही. मग ड्रायव्हर वळणावर कमी थांबतो, पिवळ्या दिव्याला निघून जातो, मूल सीटवर टेकायच्या आत गाडी सोडतो. तुमच्या दारातली दोन मिनिटे पुढच्या कुठल्यातरी चौकात कोणाच्या तरी मुलाच्या वाट्याला येतात. आम्ही तिघांनी एक नियम केला आहे : उशीर झाला तर झाला. फाटकावर बोलणी खाऊ. पण मागचे मूल बसले आहे असा ताईंचा आवाज आल्याशिवाय पहिला गिअर पडणार नाही.

बालमित्रांनो, आता तुमच्या कामाचे सांगतो. बसमध्ये सगळ्यात धोक्याची जागा कोणती? तुम्ही म्हणाल, दरवाजा. कोणी म्हणेल, शेवटची सीट, तिथे उडायला होते. तसे नाही. सगळ्यात धोक्याची जागा बसच्या बाहेर असते, बसला अगदी लागून. ड्रायव्हर उंचावर बसतो. त्याला लांबचा सिग्नल दिसतो, पण नाकासमोर बंपरला टेकून उभे असलेले पहिलीतले मूल दिसत नाही. मागच्या चाकाजवळ वाकलेले मूल आरशातही दिसेलच असे नाही. मूल उतरते, हातातून रबर पडतो, घरंगळत चाकाखाली जातो आणि मूल वाकते. त्या क्षणी ड्रायव्हरच्या मते मूल घरी गेलेले असते. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. उतरल्यावर बसपासून लांब व्हायचे, आपली पाच मोठी पावले. काही पडले तर उचलायचे नाही, ओरडून दीदींना सांगायचे. आणि रस्त्यापलीकडे घर असेल तर बसच्या आडून पळत जायचे नाही, दीदी हात धरतील तेव्हाच जायचे. चुकून कोणी वाकले तरी गाडी हलू नये म्हणून आम्ही उतरलेली डोकी मोजतो. चार उतरली, तर चार दूर गेलेली दिसली पाहिजेत. तीन दिसली तर गाडी जागची हलत नाही. मागून कितीही हॉर्न वाजोत.

आणि हॉर्न वाजतातच. या सभेत बसलेल्या मोठ्या माणसांनाही थोडे सांगायचे आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांची मुले आता अमेरिकेत आहेत. तुम्ही तिकडे जाऊन आलात की सांगता, तिथे पिवळी बस थांबून तिचे लाल दिवे लागले की मागची-पुढची सगळी वाहने गपचूप थांबतात. तो पिवळा रंगही तिकडूनच आला. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जमलेल्या लोकांनी तो ठरवला, पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधूक उजेडात तो लवकर नजरेत भरतो आणि त्यावर काळी अक्षरे ठसठशीत दिसतात म्हणून. आपण रंग घेतला, थांबणे घेतले नाही. आमची बस थांबली, दार उघडले, मूल पायरीवर आहे, आणि बस व फुटपाथ यांच्यामधून डावीकडून मोटारसायकल घुसते. रोज घुसते. ताई आधी स्वतः उतरून आडव्या उभ्या राहतात आणि मग मुलाला उतरवतात. एकदा अशाच एका गाडीने त्यांच्या पायावरून चाक नेले. चालवणारा म्हणाला, "भिया, मेरे को भी ऑफिस जाना है." त्याच्या मागच्या सीटवर त्याची शाळेच्या गणवेशातली मुलगी बसली होती.

आता नियमांबद्दल. बरेच पालक आम्हाला विचारतात, खिडकीला आडव्या दांड्या कशासाठी, मुलांना पिंजऱ्यात बसल्यासारखे वाटते. त्यामागे दुःख आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वझिराबादजवळ शाळेची बस पुलावरून यमुनेत पडली आणि २८ मुले गेली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बससाठी नियम घालून दिले. बसवर 'स्कूल बस' लिहिलेले असावे, शाळेचे नाव आणि फोन असावा, दाराला नीट कुलूप, खिडक्यांना आडव्या दांड्या, औषधपेटी, अग्निशामक, दप्तरांना जागा, सोबत एक जाणकार मदतनीस असावा. आणि ड्रायव्हर? त्याला अवजड वाहनाचा निदान ५ वर्षांचा अनुभव हवा. सिग्नल तोडण्यासारख्या गोष्टींसाठी वर्षात दोनदापेक्षा जास्त दंड झालेला नसावा. आणि वेगाने किंवा दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल आयुष्यात एकदाही दंड झालेला नसावा. ही शेवटची अट आम्हाला अभिमानाची वाटते. आम्ही तिघे ती पाळून उभे आहोत.

दिल्ली लांब आहे असे कोणाला वाटेल, तर आपल्या शहराचेच सांगतो. जानेवारी २०१८. दुपारची वेळ, मुले घरी परतत होती. आपल्याच बायपासवर शाळेची एक बस दुभाजक ओलांडून समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळली. चार मुले गेली, आणि ड्रायव्हरही गेला. त्या दिवशी आम्ही तिघेही त्याच वेळेला, तसल्याच पिवळ्या गाड्या घेऊन रस्त्यावर होतो. आमच्या घरचे फोन वाजत होते आणि आम्ही उचलत नव्हतो, कारण गाडी चालवताना आम्ही फोन उचलत नाही. शेवटचे मूल उतरवून गाडी बाजूला लावली तेव्हा कळले. एकाच्या फोनवर बायकोचे एकोणतीस मिस्ड कॉल होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीच गाडी, तोच रस्ता. त्या दिवशी कितीतरी आई-वडील मुलाला चढवताना आमच्या तोंडाकडे पाहत होते. आजवर ते गाडीकडे पाहायचे, घड्याळाकडे पाहायचे. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. एका काकूंनी मुलाचा हात ताईंच्या हातात दिला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतर तपासण्या झाल्या, गव्हर्नर तपासले गेले, कागदपत्रे तपासली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने शाळेच्या बससाठी आणखी कडक नियम घातले. बारा वर्षांहून जुनी बस शाळेला लावायची नाही, हा त्यांतला एक. चांगलेच झाले. यंत्राची तपासणी होते. पण एक गोष्ट कोणत्याही यंत्रात दिसत नाही. ती सांगण्यासाठीच खरे तर आज आम्ही माइक हातात घेतला आहे.

ती म्हणजे ड्रायव्हरची झोप.

सकाळची खेप साडेआठपर्यंत संपते. दुपारची खेप एकच्या सुमाराला. मधली वेळ आम्ही गाडीतच काढतो. झाडाखाली गाडी लावून डबा खातो, शेवटच्या सीटवर आडवे होतो. दुपारची खेप संपवून, गाडी झाडून-धुऊन घरी यायला चार-साडेचार होतात. हे एवढेच काम असते तर आमच्यासारखे सुखी कोणी नाही. पण एवढ्या पगारात घर चालत नाही. म्हणून संध्याकाळी कोणी पीथमपूरच्या कारखान्याची पाळी सोडायला जातो, कोणी टॅक्सी चालवतो, आणि लग्नसराईत बसमालक हीच गाडी वरातीला देतो, ड्रायव्हरसकट.

आता जे सांगतो ते आम्ही आजवर कोणाला सांगितले नव्हते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाची दाट तिथी. आमच्यातला एक जण संध्याकाळी वऱ्हाड घेऊन उज्जैनला गेला. अंतर काही फार नाही, पंचावन्न-साठ किलोमीटर. पण वऱ्हाड वेळेवर निघाले असे कधी झाले आहे? परत यायला रात्रीचे अडीच वाजले. फुलांचा कचरा झाडून गाडी स्वच्छ करेपर्यंत साडेतीन. घरी जाऊन काय करायचे, म्हणून तिथेच सीटवर टेकला. पावणेपाचला उठला. तोंडावर पाणी मारले, चहा घेतला, गाडीभोवती फेरीही मारली. गाडीत काही दोष नव्हता.

सात मुले चढली होती. रस्ता मोकळा होता, थंडी होती, काचा बंद होत्या, इंजिनाची ऊब पायाशी येत होती. आणि डोळे मिटले. किती वेळ? दोन श्वास. डावे चाक रस्ता सोडून मातीत उतरले, गाडी हादरली, आणि मागून ताई ओरडल्या, "भैया!" समोर विजेचा खांब होता. गाडी त्याच्या हातभर अलीकडे थांबली.

मुलांना काही लागले नाही. एकाची पाण्याची बाटली घरंगळत पुढे आली. तो म्हणाला, "काका, गड्ढा होता का?" आणि आम्ही म्हणालो, "हो रे बाळा, खड्डा होता."

तिथे खड्डा नव्हता.

त्या सातांपैकी कोणाच्याच घरी ही गोष्ट कळली नाही. तो कोण, ते विचारू नका. तिघांपैकी कोणीही असू शकला असता, म्हणून आम्ही तिघेही मान खाली घालून सांगतो. ताईंनी त्या दिवशी दुपारी आमच्याशी बोलणे सोडले. आठ दिवसांनी म्हणाल्या, "भैया, मला दोन लहान मुलं आहेत. पुन्हा असं आलात तर मी दार उघडून मुलांना खाली उतरवीन आणि तुमच्या मालकाला फोन करीन." आम्ही म्हटले, तुम्ही खरंच तसं करा. त्या दिवसापासून आम्ही तिघांनी एकमेकांना गणपतीसमोर शब्द दिला आहे : दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर रात्री दहानंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. एका मालकाने त्यावरून काम काढून घेतले. दोन महिने उसनवारीवर काढले. नंतर दुसरीकडे काम मिळाले. आमचे निभावले. पण ज्याच्यामागे त्याच महिन्यात फी भरायची आहे, आईचे औषध आहे, त्याने काय करायचे? पोटाला चिमटा बसला की माणूस झोपेलाही चिमटा घेतो. पापण्यांना कोणताही गव्हर्नर बसवता येत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती. तुम्ही शाळेच्या सभेत विचारता, बसमध्ये कॅमेरा आहे का, जीपीएस आहे का, फी इतकी का वाढली. जरूर विचारा. त्याच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : आमच्या मुलाचा ड्रायव्हर काल रात्री कुठे होता? त्याला एवढा पगार मिळतो का, की त्याला रात्रीची दुसरी गाडी धरावी लागू नये? उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला पगार मिळतो की दोन महिने घरी बसवतात? हा प्रश्न आम्ही विचारला तर आमची गाडी जाते. तुम्ही विचारला तर उत्तर द्यावे लागते.

करोनाचे थोडक्यात सांगतो, कारण तो काळ सगळ्यांनीच भोगला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि लहान मुलांचे वर्ग पुन्हा भरायला जवळजवळ दीड वर्ष गेले. बस उभ्या राहिल्या. बॅटऱ्या उतरल्या, टायर जागेवर बसले, उंदरांनी वायरिंग कुरतडले. आमच्यातल्या एकाने हातगाडीवर भाजी विकली. तेव्हा याच वसाहतीतल्या एका आजोबांनी त्याला ओळखले. रोज लागो न लागो, एक जुडी मेथी घ्यायचे. पैसे देताना म्हणायचे, "गाडी सुरू झाली की आमच्या नातवाला पुढच्या सीटवर बसवायचं बरं का, लाच देतोय तुला." शाळा सुरू झाली तेव्हा नातू आला, आजोबा स्टॉपवर नव्हते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले होते. नातू मात्र वर्षभर पुढच्या सीटवर बसला. कोणी हरकत घेतली तर ताई सांगायच्या, त्याची सीट आधीच ठरलेली आहे.

मुलांबद्दल बोलायचे तर रात्र पुरणार नाही. नर्सरीत रडत चढलेले मूल बारावीला दाढी घेऊन उतरते, तेव्हा त्याच्या आयुष्यातली किती वर्षे आमच्या आरशात गेली ते आम्हालाच ठाऊक. घरात भांडण झाले असेल, आजी आजारी असेल, तर ते पहिल्यांदा बसमध्ये कळते. बडबडणारे मूल चार दिवस गप्प बसले तर ताई त्याच्या आईला हळूच सांगतात. आणि भाषा! आपली मुले बसमध्ये आपापसांत हिंदी बोलतात, बाईंशी इंग्रजी बोलतात. पण डबा घरी विसरला, गुडघा फुटला, की "आई गं" मराठीतच निघते. आम्ही मुद्दाम मराठीत विचारतो, "काय रे, आज डब्यात काय?" सुरुवातीला लाजतात. मग एक जण म्हणतो, "थालीपीठ." मग शेजारचा सिंधी मुलगा विचारतो, "वो क्या होता है?" आणि त्याला तुकडा मिळतो. आता त्याची आई स्टॉपवर थालीपीठ कसे करायचे ते आपल्या वहिनींना विचारते.

शेवटची एक गोष्ट सांगतो आणि बसतो. दोन्ही खेपा संपल्या, गाडी जागेवर लावली, इंजिन बंद केले, की आमचे एक काम उरलेले असते. उठायचे आणि पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचे. प्रत्येक सीटवर पाहायचे, प्रत्येक सीटखाली वाकून पाहायचे. खूप वर्षांपूर्वी, आम्ही या कामात नवे असताना, यादीवर खूण झाली होती, ताईंनी 'सगळे उतरले' म्हटले होते आणि आम्ही गाडीला कुलूप लावून चहाला गेलो होतो. चहा पिताना एकाला आठवले की आपला रुमाल गाडीत राहिला. म्हणून तो परत गेला. शेवटच्या सीटवर, दप्तराला कवटाळून, केजीतला एक मुलगा झोपला होता. एप्रिलचे दिवस होते, काचा बंद होत्या. दहा मिनिटे झाली होती. घामाने केस कपाळाला चिकटले होते. उठवल्यावर त्याने विचारले, "शाळा आली?"

रुमाल राहिला नसता तर काय झाले असते, याचा विचार आम्ही आजही पुरता करू शकत नाही. तेव्हापासून रोज दोन वेळा, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, शेवटच्या सीटपर्यंत चालत जातो. बहुतेक दिवशी काहीच सापडत नाही. एखादी कंपास, एक मोजा, अर्धे खाल्लेले बिस्किट. कुलूप लावताना त्या रिकाम्या गाडीसारखे समाधान दुसरे नाही.

तेव्हा मंडळींनो, आमच्या मागण्या थोड्याच आहेत. सकाळी दोन मिनिटे आधी दारात या. थांबलेल्या पिवळ्या गाडीच्या डावीकडून घुसू नका, मागे थांबा. मूल घ्यायला स्टॉपवर कोण येणार ते बदलले तर आधी कळवा, कारण अनोळखी माणसाच्या हाती आम्ही मूल देणार नाही आणि त्यावर रागावू नका. बसवरच्या ताईंना नावाने ओळखा. आणि ड्रायव्हरला कधीतरी विचारा, "काका, झोप झाली का?" आमच्या कामाचा यापेक्षा मोठा सत्कार नाही. मघाशी तुम्ही आम्हाला शाल आणि श्रीफळ दिलेत, त्याबद्दल मंडळाचे आभार मानतो. त्यातले एक श्रीफळ उद्या पहाटे आम्ही बसवरच्या ताईंना देणार आहोत.

घड्याळात नऊ वीस झाले आहेत. उद्या शाळा आहे. नाटकाला थांबता येणार नाही, त्याबद्दल माफी असावी. आम्हाला दहाच्या आत झोपायचे आहे. शब्द दिलेला आहे, आणि ज्याच्यासमोर दिला तो इथेच बसला आहे.

गणपती बाप्पा मोरया! मंगलमूर्ती मोरया!